पुसलेले बाण

तर्काला न पटणारी प्रत्येक गोष्ट खोटीच असते, असे मानणाऱ्यांशी माझा वाद नाही. म्हणजे आहे, पण तो पुन्हा केव्हातरी. येथे सांगतो ते घडलेले आहे. माझ्या मावसभावाच्या, धवलच्या बाबतीत घडले. २०१२ सालच्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, दिवेलागणीच्या सुमारास. ठिकाण देऊळगाव राजाच्या पलीकडे, डोंगरांच्या घळीत वसलेली कडूबाची द्राक्षबाग.

धवल भाबडा नाही. हे सारे सांगताना त्याचा आवाज कापत नव्हता.

फक्त त्याची नजर दारावरून हलत नव्हती...

त्या बागेच्या जागी पूर्वी कपाशी होती. बीटीचे बियाणे आले तशी पहिली काही वर्षे वावर पांढरेशुभ्र फुलले. पुढे पाने लाल पडू लागली, बोंडे धरेनात. कडूबाने एका वर्षी पऱ्हाट्या उपटल्या आणि वाइनच्या द्राक्षांचे वेल तारांवर चढवले. वेल फळाला आले, तोवर वाइनच्या कारखान्याची गाडी यायची थांबली होती. घड वेलीवरच सुकत.

धवलला मात्र त्या बागेत वेगळेच काही दिसले. ट्रक फिरकत नाहीत असे आडरस्ते, चढ-उतार, खिंडी, आणि शेवटी द्राक्षांचे मांडव. शहरातली माणसे सायकली घेऊन असल्या वाटा शोधत हिंडतात. धवल आणि त्याची बायको श्रद्धा यांनी तशी सहल काढायचे ठरवले. सायकल दुरुस्तीचे दुकान असलेला अकरम सोबतीला आला. त्या शनिवारी पुण्याचे पाहुणे घेऊन त्यांची पहिली फेरी निघाली.

त्यांची रीत ठरलेली होती. अकरम सर्वांच्या पुढे जाई आणि प्रत्येक फाट्यावर चुन्याच्या फक्कीने बाण काढी. धवल पाहुण्यांच्या मध्ये असे. श्रद्धा सर्वांत शेवटी. शेवटचा पाहुणा पुढे गेला की ती पायाने बाण पुसायची आणि घंटी दोनदा वाजवायची.

बाण पुसला, म्हणजे मागे कोणी उरले नाही.

श्रद्धा या नियमाची पक्की होती. मागे माणूस असताना ती जागची हलत नसे.

ते बागेत पोचले तेव्हा ऊन कलले होते. त्या हंगामाचे पहिले घड पाहुण्यांनी स्वतःच्या हातांनी तोडायचे, हे सहलीचे खास आकर्षण. कडूबाने कात्र्या वाटल्या. तेवढ्यात बागेत राबणारी म्हातारी, जनकाबाई, आडवी आली.

"भाऊ, जरा दम धरा. घरून दहीभात येऊ द्या."

"कशाला, मावशी?" धवलने विचारले.

"पहिला तोडा हाय. वावराले विचारल्याबिगर हात लावू नये. कपाशीच्या वक्ती आमी सीतादही करो."

कपाशीच्या पहिल्या वेचणीआधी बायका वावरात दहीभात शिंपडत, पहिल्या कापसाचे पेळू ओढून एका झाडावरून दुसऱ्यावर नेत, आणि मगच ओटीत कापूस घेत. धवलला हे ठाऊक होते. पण सूर्य डोंगराला टेकत आला होता.

कडूबा हसला. "म्हातारे, हे कपाशी हाय का? वाइनले दही चालते का कुठं?"

"दही पडलं त वाइन फाटंल ना, मावशी!" अकरमने भर घातली. पाहुणेही हसले.

जनकाबाई हसली नाही. "पीक बदललं. वावर तेच हाय."

"पुढच्या खेपेस नक्की करू," धवल म्हणाला, आणि त्याने कात्री पुढे केली.

पहिला घड श्रद्धाने तोडला.

परतीची वाट दुसरी होती. पांदणीतून वर खिंडीत जाणारी. अकरम बाण काढीत निघाला. मागोमाग पाहुणे, त्यांच्यात धवल. मागे वळून त्याने पाहिले तेव्हा श्रद्धा बागेच्या फाटकाशी सायकल धरून उभी होती.

पहिला फाटा गेला. मागून घंटी दोनदा वाजली.

दुसरा फाटा गेला. पुन्हा दोनदा.

तिसऱ्या फाट्यावरही वाजली. पण आवाज बसल्यासारखा आला. जणू कोणी घंटीवर हात ठेवून ती वाजवत होते...

खिंडीत सगळे दम खायला थांबले. धवलने चेहरे पाहिले. पाहुणे सारे आले होते. श्रद्धा नव्हती.

त्याने हाक मारली. डोंगरातून त्याचाच आवाज परत आला.

"चेन उतरली असंल," अकरम म्हणाला. "मी जाऊ का?"

"तू यांना घेऊन खाली उतर. मी बघतो."

तिसऱ्या फाट्यावरचा बाण पुसलेला होता. दुसऱ्यावरचाही. म्हणजे श्रद्धा इथवर आली होती. पण पांदणीला दोन्ही बाजूंनी काटेरी कुंपण. बाजूला जायला वाट नाही. मग ती गेली कुठे?

पहिल्या फाट्यावर तो उतरला. बाण पुसलेला. त्याने सायकलचा दिवा खाली धरला.

फक्कीत टाचेचा फराटा होता. बोटेही उमटली होती.

श्रद्धाच्या पायात बूट होते.

तो बागेकडे सुटला. फाटकाशी श्रद्धाची सायकल नीट उभी केलेली होती. समोर मातीवर अकरमने काढलेला बाण. ठळक, पांढरा, जसाच्या तसा.

हा पुसलाच गेला नव्हता. म्हणजे श्रद्धा इथून निघालीच नव्हती.

मग घंटी कोणी वाजवली?

त्याचा हात नकळत तिच्या सायकलच्या घंटीकडे गेला. ती वाजेना. वाटीच्या आत काहीतरी ठासून भरले होते. त्याने बोटाने ओढून काढले...

कापूस. ताजा, मऊ, उन्हाने अजून कोमट असलेला.

आसपासच्या वावरांतली कपाशी केव्हाच उपटून झाली होती.

"श्रद्धा!"

"हळू बोला ना," बागेतून उत्तर आले.

वेलींच्या दोन रांगांमध्ये ती पाठमोरी उभी होती. ओढणी कमरेला बांधून तिने ओटी केली होती. ओटी फुगलेली होती. ती रांगेच्या टोकाकडे पाहत होती. तिथे काळोख साचू लागला होता.

"चल. सगळे खोळंबलेत."

"कशी येऊ? त्या बाई अजून मागंच आहेत."

"कोण बाई?"

"त्या बघा ना. वेचताहेत. मी म्हटलं, तुम्ही पुढं व्हा. तर म्हणतात, तूच पुढं हो."

धवलने पाहिले. रांग रिकामी होती. वारा पडलेला. एक पान हलत नव्हते.

पण आवाज येत होता...

चुट्... चुट्... बोंडातून कापूस ओढून घ्यावा तसा. रांगेच्या टोकापासून सुरू झालेला. सावकाश जवळ येणारा.

त्याने तिचा दंड धरला. ती हलेना. एवढीशी श्रद्धा, पण जमिनीत रोवलेल्या खांबासारखी झाली होती. "शेवटची मी आहे," ती पुटपुटत राहिली. "माझ्या मागं कोणी राहिलं तर मी कशी निघू?"

चुट्... चुट्...

आता आवाज हाताच्या अंतरावर होता. कच्च्या सरकीचा वास आला. धवलला एकच सुचले. तिच्या नियमानेच तिला सोडवायचे.

"श्रद्धा, ऐक. आज शेवटचा मी. मागं जे कोणी असेल ते मी आणतो. तू पुढं चल."

आवाज थांबला.

श्रद्धाचे अंग एकदम सैल पडले. तिने ओढणीची गाठ सोडली. कापूस तिच्या पायांशी सांडला, आणि झोपेतून उठल्यासारखी ती फाटकाकडे चालू लागली.

फाटकात जनकाबाई उभी होती. हातात दहीभाताची वाटी होती. तिने सारे ऐकले होते.

"काय बोलले हो तुमी हे?" ती कुजबुजली. "शेवटचा मी, असं काऊन म्हटलं?"

"का? काय झालं?"

"पंचफुला होती ती. आमची म्होरकीण. सगळ्या वेचणारनी भाईर निघाल्याबिगर वावर सोडे नाही. नवं बियानं आलं त्या साली धन्यानं घाई केली, सीतादही करू देली नाही. त्याच दिशी तिले पान लागलं, साप डसला. आमी पुढं निघून गेलतो. मांगं कोनी पाह्यलंच नाही." तिने वाटीतला भात फाटकावर शिंपडला, पण तिचा हात अर्ध्यावरच थांबला. "आता पंचफुला वावरात नाही, भाऊ. जा. अन् मांगं पाहू नका."

श्रद्धा पुढे आणि धवल मागे, असे ते निघाले. चढावर त्याला स्वतःच्या धापेखेरीज काही ऐकू आले नाही. खिंड ओलांडली, उतार लागला, सायकली सुटल्या.

आणि मागून अनवाणी पावले ऐकू आली.

थप... थप... थप...

सायकल भरधाव होती. पावले धावत नव्हती. तरी मागे पडत नव्हती.

शेवटचा बाण त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी होता. पाहुण्यांचे जेवण घरीच ठेवले होते. बाणावर टायर जाऊ नये म्हणून धवलने हॅण्डल वळवले, हे त्याला पक्के आठवते. पुसायला तो थांबला नाही. थांबण्याची त्याची छाती झाली नाही.

सकाळी अकरमने गल्लीतूनच हाक दिली. "भाऊ, बाण तुमी पुसला का?"

"नाही."

"वहिनीनं?"

"ती रात्रीपासून झोपलेलीच आहे."

अकरमने वाकून पाहिले. फक्कीत टाचेचा फराटा होता, आणि बोटे घराच्या दिशेने उमटली होती.

"मंग मांगं कोनी उरलं नाही म्हनायचं," तो हळूच म्हणाला.

श्रद्धाला पहिला घड तोडल्यानंतरचे काहीच आठवत नाही. सहली पुन्हा निघाल्या नाहीत. धवल मात्र तेव्हापासून रात्री दाराला कडी लावत नाही. ती लावायचा हक्क शेवटी येणाऱ्याचा, म्हणतो. श्रद्धाने केव्हाही लावली तरी पहाटे उठून पाहावे तर दार सताड उघडे.

हे त्याने मला सांगितले त्या संध्याकाळी श्रद्धा माहेरी गेलेली होती. घरात आम्ही दोघेच. भ्रम, योगायोग, मनाचे खेळ. माझ्याजवळचे सगळे युक्तिवाद मी त्याच्यापुढे मांडले.

"जाताना दार लोटू नकोस," एवढेच तो म्हणाला.

दार उघडेच ठेवून मी अंगण ओलांडून रस्त्यावर आलो. खिडकीतून धवल खुर्चीत बसलेला दिसत होता. हात मांडीवर, नजर दारावर.

तो उठला नाही. मी डोळ्यांनी पाहत होतो, तो उठला नाही.

आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.