तिसरी खाच

यात मी पदरचं काही घातलेलं नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझ्या घरातली गोष्ट आहे आणि ती खोटी असती तर मलाच सगळ्यात जास्त आनंद झाला असता.

वर्ष १९८४. होळीचा दिवस. मुलुंड पूर्वेची मिठागरं.

वेळ रात्रीची नाही... भर दुपारी बाराची.

त्या दुपारी माझ्या सख्ख्या मावशीच्या नवऱ्याने, म्हणजे दत्ताराम काकांनी, स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली एक छोटी सागवानी होडी रॉकेल ओतून जाळली.

का जाळली, ते ऐका.

काका मूळचे मालवणचे. सुतारकाम रक्तातच. मुंबईत आले तेही एका गिरणीच्या सुतारखात्यात. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि गिरणी बसली ती बसलीच. काका नऊ महिने घरी होते. दसऱ्यानंतर मुलुंडच्या एका मिठागरात काम मिळालं. खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात लाकडी दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. ती दारं कुजली की दुरुस्त करायची. घर जवळच, एका बैठ्या चाळीत.

घरात सुगंधा मावशी आणि एकुलती एक लेक, क्षमा.

क्षमा म्हणजे काकांचा जीव की प्राण. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, दत्तजयंतीच्या दिवशी. दर दत्तजयंतीला काका तिला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर सुतारी गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, टेकवायचे आणि पेन्सिलीने रेघ मारून बाजूला साल लिहायचे. मग दिवसभर येईल त्याला ती रेघ दाखवायचे. शेजारीपाजारी कंटाळायचे, पण काका नाही.

मिठागराच्या ऑफिसच्या शेडमागे एक होडकं पालथं पडलेलं होतं. नऊ फुटी. वल्ह्यांनीही चालेल आणि शिडावरही, अशा बेताचं. साहेब लोक ज्याला डिंगी म्हणतात तसलं. शीड नव्हतं. डोलकाठी नव्हती. एका बाजूची काठाची फळी उखडलेली होती, पण सागवान अस्सल.

काकांना मोह झाला. खाडीच्या बाजूने उघाड्या तपासायला होडी हवीच होती. पंधरा दिवस खपून त्यांनी ती उभी केली. फटींत कापूस ठोकला, वर राळ ओतली, काठाला नवी फळी बसवली. उखडलेली जुनी फळी त्यांनी घरी आणली.

"ह्या कशाक हाडलात?" मावशीने विचारलं.

"चौकटीक वाळवी लागली हा, बघलंस मा? सागवान फेकूचा माझ्याच्यान होवचा नाय."

आणि त्यांनी चौकटीची कुजलेली बाजू काढून तिथे ती फळी बसवली. क्षमाच्या जुन्या खुणा टेपने मोजून जशाच्या तशा तिच्यावर उतरवल्या. पहिल्या वाढदिवसापासूनच्या सगळ्या.

हे लक्षात ठेवा. काका विसरले होते.

आता त्या होडक्यातली एक गंमत. वल्ही मारणारा जिथे बसतो, त्याच्या समोर पाय टेकायला एक आडवी फळी असते. पायाचा रेटा दिल्याशिवाय वल्ह्याला जोर येत नाही. या होडीत ती फळी सरकवता यायची. तळाशी दोन्ही बाजूंना चार-चार खाचा होत्या. आखूड पायाच्या माणसाने फळी पहिल्या खाचेत घालायची, लांब पायाच्याने चौथ्या.

सुताराच्या नजरेने काकांनी एक गोष्ट हेरली होती. पहिल्या दोन खाचा झिजून गुळगुळीत झालेल्या होत्या. तिसरी आणि चौथी मात्र कोरी. कालच कापल्यासारखी धार.

म्हणजे मोठ्या माणसाने ही होडी कधी वल्हवलीच नव्हती.

काकांनी फळी चौथ्या खाचेत घातली आणि खाडीत चक्कर मारून आले. होडी झकास चालली.

दुसऱ्या दिवशी पाहतात तर फळी... दुसऱ्या खाचेत.

कुणीतरी मस्करी केली असेल म्हणून त्यांनी ती परत चौथीत घातली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी त्यांनी खिळा मारला.

पाचव्या दिवशी खिळा बाकावर ठेवलेला होता. सरळ. ओरखडासुद्धा न उठता काढलेला.

आणि दुसऱ्या खाचेतल्या त्या फळीवर दोन ओले ठसे. शेजारी शेजारी.

लहान तळव्यांचे.

काकांनी मिठागरातल्या पोरांवर तोंडसुख घेतलं. पोरं शपथा घेऊ लागली. काकांना पटलं नाही, पण तसा राग टिकलाही नाही. कारण त्या रविवारी क्षमा त्यांच्याबरोबर आली, होडीत बसली, आणि दुसऱ्या खाचेतली फळी तिच्या पायांना अशी बरोबर बसली की माप घेऊन केली असावी. पोरगी तासाभरात वल्हं मारायला शिकली. काका खूश. गिरणी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना इतकं हसताना पाहिलं, असं मावशी सांगते.

मग आली ब्याऐंशीची दत्तजयंती. क्षमाला दहा पूर्ण झाली. चौकटीवरची रेघ मागच्या वर्षीपेक्षा अडीच इंच वर गेली होती. काका हरखून गेले. दुसऱ्या दिवशी क्षमाला होडीत बसवून त्यांनी आपल्या हाताने फळी तिसऱ्या खाचेत सरकवली.

"बाबा, पाय पोचत नाहीत ना!"

"पोचतील गो. वाढतलंस तू."

क्षमाने वल्ही उचलली. काका समोर, होडीच्या शेवटच्या बाकावर बसले होते. वल्हवणारा आपल्या पाठीच्या दिशेने जातो, त्यामुळे दोघं समोरासमोर. भरतीचं पाणी काठोकाठ चढलेलं होतं.

पोरीने दोन-तीन वेळा पाण्यावर नुसतीच फटफट केली. आणि मग एकदम...

होडी बाणासारखी सुटली.

"बाबा, पोचले!"

काकांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

पाय पोचले नव्हते. तळवे आणि फळी यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. तिचे पाय हवेत होते... आणि तरी ती कशावर तरी रेटा देत होती.

काकांना तेव्हाच उठायला हवं होतं. मी त्यांना एकदा तसं तोंडावर म्हणालोही. ते म्हणाले, "अरे, लेक हसत होती रे."

त्या दिवसानंतर फळी जागची हलली नाही. तिसऱ्या खाचेतच राहिली. काकांना वाटलं, चला, पोरांचा खेळ संपला.

वर्ष गेलं. त्र्याऐंशीची दत्तजयंती. क्षमा चौकटीला पाठ लावून उभी राहिली. काकांनी गुण्या टेकवला, रेघ मारली आणि साल लिहायला गेले.

तिथे आधीच साल लिहिलेलं होतं... १९८२.

रेघ त्याच रेघेवर पडली होती. केसभरही वर नाही.

काकांनी तीनदा मोजलं. मावशीने ट्रंकेतून ब्याऐंशीच्या दिवाळीचा फ्रॉक काढला. अंगाला बरोबर. त्याच वर्षीच्या जूनच्या चपला, त्याही बरोबर. खाणं-पिणं उत्तम, तब्येत ठणठणीत. फक्त पोरगी वाढली नव्हती.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "घाबरू नका. काही मुलं उशिरा वाढतात."

मावशीचा डॉक्टरवर विश्वास बसला नाही. बायकांना जे आधी कळतं ते तिला कळलं असावं. "आजपासून पोरीक त्या होडयेत बसवशात तर माझ्याशी गाठ हा," तिने काकांना सांगितलं.

काकांनी होडी ओढून बांधावर आणली आणि पालथी घातली. वल्ही आत कोंडली.

फाल्गुनात एका दुपारी ते जवळच्या उघाडीवर काम करत होते. भरती चढत होती. आणि आवाज आला.

कर्रर्र... थप्प.

कर्रर्र... थप्प.

वल्हं मारण्याचा आवाज. पण पाण्याच्या बाजूने नाही... बांधावरून.

काका गेले. होडी कोरड्या जमिनीवर पालथी पडलेली होती. त्यांनी ती उलथवली. वल्ही ओलीचिंब होती. त्यांनी तिसऱ्या खाचेवरून बोट फिरवलं. वर्षापूर्वी धार असलेली खाच आता देवळाच्या पायरीसारखी गुळगुळीत झाली होती.

आणि फळी तिच्यात नव्हती.

फळी चौथ्या खाचेत होती.

मिठागरात सगळ्यात जुना माणूस भीमराजदादा. काका घामेजून त्याच्यापुढे जाऊन बसले. आधी तो उडवाउडवी करत होता. मग म्हणाला, "आरं दत्ताराम, तू त्यात पोरीला बसवलंस तवाच मला सांगाया पायजे हुतं. माजीच चूक."

त्याने सांगितलं ते असं. छप्पन्न साली इथे एक साहेब होते. बायको वारलेली, एक मुलगी. नंदा नाव. तिच्यासाठी त्यांनी रत्नागिरीहून ही डिंगी करवून आणली, छोटं तांबडं शीड लावून. चार खाचा साहेबांनीच सांगून करवल्या होत्या. पोर वाढेल तशी फळी पुढे सरकेल आणि चौथ्या खाचेला पोचली की ती एकटी शीड लावून खाडीपार जाईल, असं ते म्हणायचे.

"पोर दुसऱ्या खाचेपतूरच आली," भीमराजदादा म्हणाला. "अकरावं लागलं हुतं. पुनवेचं उधाण हुतं, दुपारची वेळ. होडकं एकलंच परत आलं. वल्ही आत नीट ठेवल्याली. पोर काय सापडली न्हाई."

साहेब सोडून गेले. शीड मिठाच्या राशी झाकायला गेलं. डोलकाठी शेडला टेकू म्हणून लागली. होडकं खारदांड्याच्या एका कोळ्याने नेलं आणि महिन्यात परत आणून टाकलं. पुढे बदकं मारायला येणाऱ्या एकाने मागून घेतलं, त्यानेही परत केलं. दोघांची तक्रार एकच. त्यात पाय बसत नाहीत.

"मोठी मानसं हुती ती," भीमराजदादा म्हणाला. "त्यांच्याकडं तिला घ्यायासारखं काय नव्हतं."

दुसऱ्या दिवशी होळी होती. काकांनी रात्रीच्या होळीची वाट पाहिली नाही. भर बाराला, उधाण चढलेलं असताना, होडीवर रॉकेल ओतलं.

सुकं सागवान... पण दोन तास जळत होतं. सगळा वेळ आतून चर्र-चर्र आवाज येत होता, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. शेवटी ती पाय टेकायची फळी कोसळली. काकांनी राख घमेल्याने खाडीत लोटली आणि घरी येऊन लेकीला पोटाशी धरून ढसाढसा रडले.

आणि क्षमा वाढू लागली.

जूनमध्ये नवा युनिफॉर्म घ्यावा लागला. दिवाळीत फ्रॉक आखूड झाला. चौऱ्याऐंशीच्या दत्तजयंतीला रेघ दोन इंच वर गेली. मावशीने चाळीत पेढे वाटले. त्या रात्री काका वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपले.

सकाळी दार उघडायला गेले आणि चौकटीपाशी थांबले.

कालच्या पेन्सिलीच्या रेघेच्या दोन बोटं वर... आणखी एक रेघ होती.

पांढरी. किंचित ओली.

काकांनी बोट लावलं आणि जिभेला टेकवलं.

मीठ.

तेव्हा त्यांना आठवलं, चौकटीत कुठलं लाकूड आहे ते.

त्यांनी पटाशी आणि हातोडी आणली. फळी उपटून जाळायची. पहिला घाव घालणार तोच त्यांची नजर क्षमाच्या खुणांवर गेली. पहिल्या वाढदिवसाची, मांडीएवढी. चौथ्याची. सातव्याची. कालची. लेकीचा सगळा जन्म त्याच लाकडावर होता. त्या दुसऱ्या पोरीच्या रेघेबरोबर या रेघाही जळणार. मग क्षमाचं काय होईल?

त्यांनी पटाशी खाली ठेवली.

त्यांनी क्षमाला पुन्हा कधी मोजलं नाही. पण दर दत्तजयंतीच्या सकाळी ती पांढरी रेघ थोडी वर सरकलेली असायची. मावशी ओल्या फडक्याने पुसायची, संध्याकाळपर्यंत परत हजर. काकांना ती दिसली की आधी धसका बसायचा, आणि मग हायसं वाटायचं. ती वाढतेय म्हणजे क्षमाही वाढतेय. दोन बोटं वजा केली की लेकीची उंची कळायची.

सोळाव्या वर्षी, पाच फुटांवर क्षमाची वाढ थांबली. रेघही थांबली. काका पुढे गेले ते समाधानाने गेले, असं मला तरी वाटतं.

क्षमा आता तिथेच, आईजवळ राहते. लग्न झालं, एक मुलगी आहे. चौकट तीच आहे. मी खूपदा सांगून पाहिलं, पण मावशी हात लावू देत नाही.

गेल्या दत्तजयंतीला मी जेवायला गेलो होतो. दारातून आत शिरताना सहज चौकटीकडे पाहिलं.

क्षमा माझ्या खांद्याला लागते.

रेघ माझ्या कपाळापाशी होती... आणि ओली होती.

जेवताना क्षमा कौतुकाने सांगत होती, पोरीचा यंदा युनिफॉर्मचा खर्च वाचला. गेल्या वर्षीचा अजून बरोबर बसतो. वर्गात सगळ्यात बुटकी आहे, पण काळजीचं काही नाही.

डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा वाढतात.