काचेबाहेरचा हात

चौथ्या सकाळीही अक्षरं परत उमटली.

शारजातल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माहनूर स्वतःच्याच टेबलापासून दोन हात लांब उभी होती. खिडकीच्या डाव्या काचेवर सप्टेंबरची दमट वाफ धरली होती आणि त्या वाफेत, डोक्याच्या उंचीवर, बोटानं लिहिलेला एकच शब्द होता. खलास.

"ऊन चढलं की जातो," ती म्हणाली. "सकाळी परत येतो."

रुपेशनं रुमाल काढून काच पुसली. अक्षरं हलली नाहीत. त्यानं जोर लावला, मग रुमाल उलटून पाहिला. तो कोरडा होता.

"ताई, हे तर बाहेरून आहे!"

"वाफ बाहेरूनच धरणार. आत एसी, बाहेर भट्टी," विद्युल्लता आठल्ये म्हणाली. "बोटाचं तेल काचेला लागलंय, म्हणून रोज उमटतं. भूत नाही, हात आहे."

"अकराव्या मजल्यावर, बाहेर?" रुपेशनं विचारलं.

विद्युल्लता काचेच्या कडा न्याहाळत होती. तिचं ऑफिस दुबईतल्या देऱ्यात होतं. जहाजं आणि त्यावरचा माल खरंच बुडाला की बुडवला, हे विमा कंपन्यांसाठी शोधणं हे तिचं वीस वर्षांचं काम. रुपेश तिचा मावसभाऊ. फरसाणाचा धंदा त्याचा, गाडी त्याची आणि घाबरण्याचं कामही त्याचंच. माहनूर त्याच्या गिऱ्हाइकांपैकी, म्हणून तोच बहिणीला इथे घेऊन आला होता.

"पहिल्यापासून सांग," ती माहनूरला म्हणाली.

माहनूर इथल्याच विद्यापीठात इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांत पीएचडी करत होती. कोकणातून आखातात गलबतांनी चोरून आलेली माणसं हा तिचा विषय. गेल्या वर्षी गावच्या पेटीत तिला आजोबांची वही सापडली. हमदुल्ला नाखवा, रत्नागिरीकडचे, अशीच माणसं स्वतःच्या गलबतातून नेणारे. चौथं प्रकरण त्या वहीवर उभं होतं. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. आज बुधवार.

"गेल्या बुधवारी बॅगेत ही चिठ्ठी मिळाली. शुक्रवारी वही उघडली, तर एक पान ब्लेडनं कापलेलं. आणि रविवारी सकाळी हे." तिनं काचेकडे बघायचं टाळलं. "मॅडम, मी झोपलेली असताना कोणीतरी तिथे उभं होतं. मी ते प्रकरण काढून टाकते. पीएचडीच सोडते. मला फक्त कळू दे, तो कोण आहे."

हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून चिठ्ठीतलं एकेक अक्षर छापल्यासारखं गिरवलेलं होतं. 'त्या गुरुवारी इशाच्या नमाजनंतर जे बुडालं, ते वर काढू नकोस. नाहीतर तुझं घर बुडेल.'

"वहीत काय आहे?"

माहनूरनं जाडजूड वही उघडली. शाळकरी मराठी अक्षर होतं. सप्टेंबर एकोणीसशे पासष्ट. 'शुक्रवारची रात्र. तीन वाजता खोर फक्कानजवळ एकवीस माणसं छातीभर पाण्यात उतरवली. वारा फिरला. बारा पोचली.' खोर फक्कान म्हणजे इथलाच पूर्व किनारा. पुढे कापलेल्या पानाची कड.

"पुढच्या पानावर एकवीस जणांची यादी होती," माहनूर म्हणाली. मग तिनं प्रबंधाचा मसुदा पुढे केला. त्या प्रसंगाची सुरुवात अशी होती: 'शुक्रवारी पहाटे तीन वाजता...'

विद्युल्लतानं दोन्ही ओळी वाचल्या. मग चिठ्ठी पुन्हा वाचली.

"मसुदा कोणाकोणाकडे?"

"गाईड सरांकडे, पण ते महिनाभर परदेशात आहेत. अर्शकडे, तो माझ्याबरोबर पीएचडी करतो. शनिवारी संध्याकाळी तो इथेच होता, प्रूफं बघायला. आणि घरी ही प्रत पडलेली असते. घरात अब्बा, फुफी आणि मी."

विद्युल्लता खिडकीपाशी गेली. डावी काच पक्की, उजवी सरकणारी. तिनं उजवी सरकवली. चार बोटांएवढी फट पडली आणि काच अडली. लहान मुलं पडू नयेत म्हणून लावलेला अडसर. त्याच्या दोन स्क्रूंवरून तिनं अंगठा फिरवला, मग पलीकडच्या खिडकीचेही स्क्रू पाहिले. तिथले काळे पडले होते, इथले चकचकीत.

"व्ह्यू मस्त आहे," रुपेश म्हणाला.

"व्ह्यू नको बघूस."

*

आतल्या खोलीत झुबेदा फुफी पलंगावर बसली होती. माहनूरच्या वडिलांची, अन्वरची, मोठी बहीण. माहनूर तिच्या मागे बसून तिची वेणी घालू लागली.

"ह्या खांद्यानं जीव नकोसा केलाय, बाई," फुफी म्हणाली. उजवा हात तिनं छातीपर्यंत आणला आणि कळवळली. "ह्याच्यावर जातच नाही. घासही पोरगी भरवते. आणि हिला म्हणे कोणी भेडसावतंय. काढून टाक म्हटलं ते पान! मेलेल्या माणसांची नावं कशाला छापायची?"

"तुम्हाला ती सफर आठवते?"

"मी नऊ वर्षांची. काय आठवणार?" उत्तर फार लवकर आलं.

भिंतीवर एक जुना फोटो होता. नाखवा, त्यांची बायको, मध्ये फ्रॉकातली एक मुलगी. खाली स्टुडिओचा शिक्का: 'रमजान ईद १९६४'.

"ही तुम्ही. तेव्हा अन्वरभाई केवढे?"

"असेल तीन-चार वर्षांचा."

"फोटोत नाहीत."

"आजोळी असेल." फुफीनं मान वळवली. वेणी माहनूरच्या हातून सुटली.

*

अर्श विद्यापीठाबाहेरच्या कॅफेटेरियात भेटला. रायगडचं घर, जन्म दुबईचा.

"लूक, मी जेलस आहे, ते ओपनली सांगतो," तो करक चहा ढवळत म्हणाला. "असा सोर्स मला मिळाला असता ना! शुक्रवारी पहाटे तीनचा तो सीन, काळोख, पाणी... एक्झामिनर खलास होणार. पण धमकी? मी?"

"पान कापलं गेलं, हे माहीत आहे?"

"तिनं सांगितलं. स्टुपिड काम आहे. पहिल्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या पानांचे फोटो काढलेत. माझ्या लॅपटॉपमध्येही आहेत. कोणताही रिसर्चर आधी तेच करतो. पान कापून काय मिळणार?"

"शनिवारी तिच्या घरी एकटे होतात कधी?"

"दहा मिनिटं. हॉलमध्ये. ती चहा करत होती." तो थांबला. त्याचा रंग उतरला. "वेट. तुम्हाला वाटतंय मी ते काचेवर..."

बाहेर आल्यावर रुपेश कुजबुजला, "हाच! मत्सर आहे, दहा मिनिटं आहेत. अजून काय पाहिजे?"

"अजून एक माणूस पाहिजे."

*

अन्वरचा कारखाना शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात होता. आत करवत किंचाळत होती. भिंतीशी काचा रांगेत उभ्या आणि पत्र्याच्या डब्यांमध्ये नवे चकचकीत स्क्रू. खिडक्या-दारांचं अ‍ॅल्युमिनियमचं काम. तिसाव्या वर्षापासून तो हेच करत होता. आता पासष्टीचा, शांत, हाताला मशीनचं तेल.

"या मॅडम, बसा. पोलिसात नको, एवढीच विनंती," तो म्हणाला. "मुलगी घाबरलीय. ते एक प्रकरण वगळलं की झालं. यल्ला, पीएचडी तशीही मिळेलच, इन्शाल्ला."

"तुम्हाला कोणाचा संशय?"

"मी कोणावर घेऊ? मी अनाडी माणूस. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तर मुलीला विचारतो, कसा उघडायचा."

"घरच्या खिडक्या तुम्हीच बसवल्या?"

"माझ्या हातानं." हे सांगताना त्याला क्षणभर अभिमान वाटला. मग तो हात खाली घेऊन पुसत राहिला.

*

संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमले. अर्श दाराजवळ उभा राहिला. काच स्वच्छ दिसत होती, तरी त्या बाजूला कोणी बसलं नाही.

"चिठ्ठीपासून सुरू करते," विद्युल्लता म्हणाली. "वहीत आहे 'शुक्रवारची रात्र, तीन वाजता'. माहनूर, तू त्याची शुक्रवारची पहाट केलीस. चूक केलीस. तेव्हा ह्या किनाऱ्यावर येणारे नाखवे सूर्यास्तापासून तास मोजत. सूर्य बुडाला की नवा वार सुरू. शुक्रवारची रात्र म्हणजे आपली गुरुवारची रात्र. तीन वाजता म्हणजे सूर्यास्तानंतर तीन तास. सव्वानवाच्या आसपास. रात्रीची नमाज होऊन गेलेली."

"इशाच्या नमाजनंतर," माहनूर पुटपुटली.

"चिठ्ठी लिहिणाऱ्याची वेळ बरोबर आहे. मसुदा वाचणाऱ्यानं तुझी चूक उचलली असती. अर्शनं उचललीच, मला पहाटेचाच सीन सांगितला. चिठ्ठीवाल्यानं ती रात्र कागदावरून घेतलेली नाही. त्याला ती कोणीतरी तोंडानं सांगितली, नाहीतर त्यानं ती पाहिली."

अर्शनं श्वास सोडला.

"दुसरं, पान. फोटो आहेत हे माहीत असलेला माणूस पान कापणार नाही. कापणाऱ्याला वाटलं, कागद गेला की नाव गेलं."

"आणि काच?" रुपेशनं विचारलं.

"बाहेर लटकणारा माणूस स्वतःला सरळ दिसेल असं लिहितो. आतून ते उलटं दिसलं असतं. आपल्याला सरळ दिसतंय, कारण लिहिणारा आपल्याच बाजूला, ह्याच टेबलाशी उभा होता. उजवी काच सरकवून त्यानं उजवा हात बाहेर काढला आणि पक्क्या काचेवर मागून बोट फिरवलं. पण अडसर असताना खांद्यापर्यंत हात बाहेर जात नाही. अडसर काढला आणि नव्या स्क्रूंनी परत बसवला. फुफींचा उजवा हात छातीच्या वर जात नाही. अर्शला दहा मिनिटं मिळाली, पण शनिवारी संध्याकाळी इथे प्रूफं बघायला येताना कोणी खिशात खिडकीचे स्क्रू घेऊन येत नाही."

कोणीच अन्वरकडे पाहिलं नाही. मग सगळ्यांनी पाहिलं.

"अब्बा?" माहनूरचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "मी तीन रात्री दिवा लावून झोपले, अब्बा. तुम्ही पाणी आणून देत होता!"

अन्वरनं तोंड उघडलं, पण बोलली फुफी. "फोटोत तो नाही, कारण तो आमच्यात नव्हताच. बाबा त्या सफरीहून आले, तेव्हा ह्याला कांबळ्यात गुंडाळून आणला. मला म्हणाले, हा तुझा भाऊ. कोणाला विचारू नकोस. मी साठ वर्षं विचारलं नाही."

"माझा बाप त्या एकवीस जणांत होता," अन्वर म्हणाला. "कासम. मी त्याच्या खांद्यावर होतो. पाणी कानात गेलं, एवढंच आठवतं. बाकी सगळं बाबांनी मरताना सांगितलं. गुरुवार, इशानंतर. म्हणाले, वहीत सगळ्यांची नावं आहेत, तुझंही. मला वाटलं, वही गेली कुठेतरी." त्यानं मुलीकडे बघितलं. "माझ्या शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर, लायसन्सवर बापाचं नाव हमदुल्ला. उद्या छापून आलं की हा दुसऱ्याच कोणाचा, तर कोणीही विचारेल, तू कोण? चाळीस वर्षं ह्याच भीतीनं दार वाजलं की मी उठून बसतो. तुला घाबरवायचं नव्हतं गं. मला तुझ्याहून जास्त भीती वाटत होती."

"मला विचारायचं होतं," माहनूर म्हणाली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि पाणीही. "जिवंत माणसाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय छापत नाहीत. पहिल्या वर्षी तेच शिकवतात. बुडताना वाचलेल्यांपैकी एकाचंही नाव मी छापलेलं नाही."

अन्वरनं खिशातून एक पिवळी घडी काढली. कापलेलं पान. घडी नव्यासारखी कडक होती.

"वाचलंत?" विद्युल्लतानं विचारलं.

"यादी आहे एवढं पाहून कापलं. परत उघडलंच नाही."

माहनूरनं त्याच्या हातातून पान घेतलं. तिला ते वाचायची गरज नव्हती. वर्षभर ती त्या यादीवर काम करत होती आणि एकविसाव्या ओळीतलं पोर कोण, हे तिला सापडत नव्हतं; आजोबांनी ते गलबतावर कामाला ठेवून घेतलं असेल, असं ती धरून चालली होती. तरी तिनं घडी उलगडून त्याच्यापुढे धरली. त्याच्याजवळ चष्मा नव्हता म्हणून तिनंच वाचलं.

"'कासमचा पोर, वय पाच. पाण्यातून काढला. आता माझा.'"

करवतीच्या आवाजात आयुष्य गेलेल्या त्या माणसानं ती ओळ बोटानं चाचपली. मग उठला. स्क्रू-ड्रायव्हर आणून त्यानं अडसर काढला, उजवी काच सरकवली आणि ओलं फडकं घेऊन खांद्यापर्यंत हात बाहेर घातला. न दिसणारी अक्षरं तो अंदाजानं पुसत राहिला.

"नाव नको छापूस," पाठमोराच तो म्हणाला. "पण ती ओळ ठेव."