लाल स्वेटरवरचं वासरू

स्वेटरच्या छातीवर भरलेलं ते वासरू आहे, असं शिल्पा म्हणत होती, तर नबील म्हणत होता की तो कुत्रा आहे, आणि तोही आजारी. भांडण इतकं वाढलं की सुमय्याने मशीन थांबवून लाल स्वेटर हातात घेतला आणि निकाल दिला. पाय वासराचे आहेत, शेपटी कुत्र्याची आहे, आणि लहान पोरांना दोन्ही आवडतात.

दिवाळीची सुट्टी होती. कंधारचा किल्ला पालथा घालायचा बेत तिघांनी कधीच सोडून दिला होता. सप्टेंबरच्या शेवटी लातूरकडे भूकंप झाला. त्या पहाटे कंधारातही भांडी खणखणली होती. तिकडे माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि थंडी तोंडावर आली होती. म्हणून सुमय्या आणि नबीलच्या मावशीने, रईसाखालाने, स्वेटर विणायचं मशीन दिवसभर चालू ठेवलं होतं. गल्लीतल्या बायका लोकर आणून देत होत्या. मूठ इकडून तिकडे सरकवली की खर्रर्र आवाज होई आणि एक ओळ विणून होई. मूठ सुमय्या सरकवायची, नबील गुंडे करायचा. शेजारची शिल्पा गळ्याला क्रोशाची किनार लावायची आणि छातीवर लोकरीचं भरतकाम करायची.

स्वेटरांचे गठ्ठे खालाच्या भावाच्या, मुज्तबामामूंच्या, टेम्पोतून गेले. मामू संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, सगळं पोचलं, लोकांनी दुवा दिली. खाला त्या दिवशी किती तरी दिवसांनी हसली.

पुढच्या आठवड्यात खाला तिघांना घेऊन लोह्याच्या बाजाराला गेली. ती दुकानात लोकर बघत असताना शिल्पाने सुमय्याचा दंड एकदम घट्ट धरला. समोर धान्याच्या पोत्यांजवळ सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. तिच्या अंगात लाल स्वेटर होता. छातीवर वासराचे पाय आणि कुत्र्याची शेपटी!

तिथेच त्यांनी चूक केली. विचारायचं सोडून ते ओरडले.

"हा स्वेटर भूकंपवाल्यांचा हाय!" सुमय्या म्हणाली. "तुमच्याकडं कसा आला? चोरला का?"

मुलीचा बाप पाठीवरचं पोतं टाकून वळला. भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, हल्ली मदतीचा माल असाच मधल्या मधे जातोय. बापाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग तो मुलीपुढे गुडघ्यावर बसला, तिचे हात वर करून स्वेटर काढला आणि सुमय्याच्या हातात ठेवला. तो एक शब्दही बोलला नाही. मुलगी पातळ झग्यात, दोन्ही हात छातीशी धरून उभी राहिली.

खाला बाहेर धावत आली तोवर ती दोघं गर्दीत दिसेनाशी झाली होती.

परतीच्या बसमध्ये नबील म्हणाला की आपण चोर पकडला. स्वेटर सुमय्याच्या मांडीवर होता, अजून त्या मुलीच्या अंगाने ऊबदार. तो कुठे ठेवावा हेच तिला कळेना. तो माणूस चोर असता तर काहीतरी बोलला असता, असं तिला सारखं वाटत राहिलं.

मग शिल्पाने विचारलं, "पण स्वेटर लोह्यात आला कसा? मामू तर म्हणाले, तिकडं पोचला."

सरळ विचारलं तर मामू सरळ सांगणार नाहीत, हे तिघांना ठाऊक होतं. म्हणून ते चेहरे पाडून मामूंकडे गेले. मशीनची एक सुई एका गठ्ठ्यात राहिली असेल, असं सुमय्याने सांगितलं. एखाद्या लेकराला टोचली तर काय करायचं?

मामू टायरमध्ये हवा भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "कुणाला टोचतीय? गठ्ठे अजून सोडलेच कुठं हायत..."

आणि त्यांनी जीभ चावली. पण खाला दारातच उभी होती.

मग सगळं बाहेर आलं. तिकडचा रस्ता मदतीच्या गाड्यांनी भरला होता, म्हणून मामूंना मागे फिरवलं गेलं. लोह्यात एका ओळखीच्याच्या बंद शेडमध्ये गठ्ठे टाकून ते घरी आले. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता राहून गेलं, आणि खालाला सांगायची लाज वाटली.

त्याच टेम्पोतून सगळे लोह्याला गेले. शेडच्या दाराची फळी तुटली होती. कडेचा एक गठ्ठा फाटला होता, बाकीचे तसेच होते. शेजारच्या उमाबाई आवाज ऐकून बाहेर आल्या. शेळ्या आत घुसून लोकर ओढायच्या, असं त्यांनी सांगितलं. एक लाल स्वेटर चिखलात पडला होता. दगडोबा हमालाने तो उचलला आणि कुणाचा आहे म्हणून घरोघर विचारलं. कुणीच आपला म्हणेना, तेव्हा त्याने तो धुऊन आपल्या लेकीला, शिवगंगेला, घातला.

"त्यो भूकंपातलाच माणूस हाय, बाई," उमाबाई म्हणाल्या. "घर गेलं, बायको गेली. लेकीला घेऊन हितं बहिणीकडं राहायलाय."

शिल्पा रडायला लागली. सुमय्याला रडूही येईना.

गठ्ठे त्याच दिवशी भूकंपवाल्यांच्या पत्र्याच्या शेडच्या वस्तीवर पोचले. या वेळी मामू स्वतः एकेका पोराच्या अंगात स्वेटर घालत होते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तिघांच्या डोक्यावर हात ठेवला, हुशार लेकरं म्हणाले. सुमय्या खाली मान घालून उभी राहिली. ती खालाला म्हणाली, "मला बाजारात जायचंय. त्या दिवशीएवढीच माणसं असताना."

पुढच्या बाजारी ती लाल स्वेटर घेऊन पोत्यांजवळ गेली. शिल्पा आणि नबील दोन्ही बाजूंना उभे होते. दगडोबा पोती रचत होते, शिवगंगा बाजूला बसली होती. सुमय्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"ह्या काकांना मी चोर म्हणाले होते. त्यांनी चोरी केली न्हाई. स्वेटर चिखलात पडला होता, तो आमच्या मोठ्या माणसांनी टाकला होता. काका, मी न विचारता बोलले. माझं चुकलं."

माल तोलणारे थांबले. दगडोबांनी घाम पुसला. "चौघांत बोललीस, चौघांतच मागं घेतलंस," ते म्हणाले. "बस झालं, लेकी."

त्यांनी सुमय्याच्या हातातला स्वेटर घेऊन शिवगंगेपुढे धरला. तिने तो मांडीवर ठेवला. वारा गार होता, तरी घातला नाही.

बसस्टँडकडे जाताना खाला म्हणाली, "मोठी माणसंबी असं भर बाजारात बोलत न्हाईत. मला तुमचा अभिमान हाय."

"पण तिनं घातला न्हाई, खाला," सुमय्या म्हणाली.

"न्हाई घातला. आणि घाल म्हणून तिच्या मागं लागायचंबी न्हाई."

बस सुटायला वेळ होता. खिडकीतून सुमय्याला दगडोबा येताना दिसले. लेकीने त्यांचं बोट धरलं होतं. शिवगंगा खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि तिने वर बघत विचारलं.

"त्ये मशीन कसं असतंय?"

सुमय्या हातांनी मूठ सरकवून दाखवू लागली. खिडकीत ते काही नीट जमेना. "कंधारला ये ना," ती म्हणाली. "तुलाच चालवायला देते."

शिवगंगेने वर बापाकडे पाहिलं.

"बघू," दगडोबा म्हणाले.

नाही म्हणाले नाहीत.