देवाप्पाचं नीतिमत्तेचं ट्रेनिंग

विश्वास ठेवा, नका ठेवू. उल्हास माझा सख्खा मावसभाऊ आहे आणि त्याला गोष्टी रचता येत नाहीत. तो सुट्टी मागतानासुद्धा खरं कारण सांगतो.

गेल्या जूनमधला शुक्रवार. बेंगळुरूत हेब्बाळला त्याचं ऑफिस, चौथा मजला. दुपारचे चार.

हो, भर दुपारी.

कंपनी स्वयंपाकघरात लावायचे अलार्म बनवते. गॅस गळला की वाजणारे. चाचणीत चाळीसपैकी एकतीसच वाजले होते. कुकरची वाफ लागली की बाकीचे नऊ गप्प.

चाचणी घेतली होती निपाणीच्या देवाप्पाने. ‘चाळीस’ लिहायला त्याने साफ नकार दिला. मार्चमध्ये तो झोपेतच गेला. सही आली उल्हासच्या गळ्यात.

“पाचच्या आत चाळीस लिहून सही करायची बघा,” प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. मॅनेजरबाई बेळगावच्या, दम मराठीतूनच. “नाहीतर सोमवारपासून घरीच बसा.”

घरी त्याच्या बायकोला, सुखदाला, सातवा महिना. जुळी. बाळंतपणाचा विमा कंपनीचा.

उल्हासने ठरवलं, करून टाकू.

पण फॉर्म उघडेना. ‘टीमचं नीतिमत्तेचं ट्रेनिंग अपूर्ण.’

हे ट्रेनिंग ज्याचं त्याने करायचं असतं. यांच्याकडे दरवर्षी एकच जण सगळ्यांचं उरकतो. सगळ्यांचे पासवर्ड प्रिंटरवर चिकटवलेले. यंदा पाळी उल्हासची. सहा जणांना त्याने वीस मिनिटांत नीतिमान केलं.

सातवं नाव… देवाप्पा.

त्याने एचआरला फोन लावला. “अहो, तो वारलाय.”

“सिस्टिममध्ये नाही वारला, सर. आज अर्ज दिलात तरी नाव काढायला पंधरा दिवस लागतात. तुम्हीच करून टाका ना त्याचं.”

मजल्यावर कुणी नव्हतं. सगळे खाली कँटीनमध्ये, ‘प्रामाणिकपणा दिना’चा केक कापायला.

उल्हासने देवाप्पाचा पासवर्ड टाकला.

ट्रेनिंगच्या व्हिडिओतली बाई बोलता बोलता थांबली.

हेडफोनमध्ये कुणीतरी खाकरलं…

“स्वल्प सावकाश, उल्हासअण्णा.”

त्याने हेडफोन फेकला. खालच्या टाळ्या बंद. एसीची घरघर बंद.

स्क्रीनवर एकच प्रश्न. ‘चाळीसपैकी किती वाजले?’

त्याने लिहिलं, चाळीस.

चूक.

पुन्हा चाळीस.

चूक.

आणि मग… वास आला. गॅसचा. त्या मजल्यावर साधी चहाची शेगडी नाही.

समोरच्या भिंतीवर चाचणीचे चाळीस अलार्म टांगलेले होते.

एकही वाजला नाही.

खिडक्या काचेच्या, न उघडणाऱ्या. डोळ्यांतून पाणी. चार एक्कावन्न. त्याने लिहिलं, एकतीस.

‘बरोबर. अभिनंदन, देवाप्पा.’

वास गेला. फॉर्म उघडला. त्यातही तोच रकाना, किती वाजले?

उल्हास थांबला. कुणीतरी खाकरेल म्हणून वाट पाहिली.

“देवाप्पा, बोल ना रे काहीतरी,” तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

कुणी बोललं नाही. कुणी अडवलं नाही.

त्याने चाळीस लिहिलं. सही केली.

मॅडमनी स्वतः केक आणून दिला. ‘प्रामाणिकपणा’मधला ‘पणा’ त्याच्या वाट्याला आला.

जुळी सुखरूप झाली. नोकरी टिकली. ते अलार्म कुठे कुठे लागले, त्यात सर्जापूर रोडची त्याचीच सोसायटी. बिल्डरने घरोघरी बसवून दिले.

तेव्हापासून रोज सकाळी आठला, डब्याचा कुकर लावायच्या वेळी, सुखदाला फोन येतो. “तुझ्या ऑफिसातलं कुणीतरी आहे,” ती म्हणते. “फार सभ्य माणूस.”

“अक्का, वाजलं काय?”

“नाही हो.”

“सरी, बरं.”

उल्हासने उचलला, की नुसती वाफेची सुरसुर…

त्याने गॅस काढून टाकला. विजेची शेगडी आणली.

दुसऱ्या दिवशी आठला फोन आलाच.

“तुमचं नव्हे, अक्का. शेजारचं वाजलं काय?”

आता उल्हास रोज आठला शेजारच्या दाराशी उभा राहून वास घेतो. शेजारच्या अनुसूयाबाईंना वाटतं, याला त्यांच्या सांबाराची चटक लागली. परवा वाटीभर दिलंसुद्धा.

सोसायटीत एकशे ऐंशी घरं आहेत.

आठ एकदाच वाजतात. आणि त्याला एकाच दाराशी उभं राहता येतं…