फाटकातला प्रश्न

बसा पोरांनो, आणि मधे कोणी हसू नका. ज्यांच्यावर हे बेतलं त्या नीळकंठरावांना मी चांगला ओळखायचो. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. आणि मान खाली जावी असं स्वतःबद्दल कोण रचून सांगतं?

दारव्ह्याहून बोरी अरबकडे जाताना निराधार गरोदर बायांचा, बाळंतिणींचा आश्रम होता. नीळकंठराव तिथले व्यवस्थापक. सत्तावन्न साली तिथं नुसतं टिनाचं छप्पर होतं. पाच वर्षांत विटांच्या खोल्या झाल्या, विहीर झाली, लोखंडी फाटक लागलं. फाटक लागलं तसा नियमही आला. आत यायचं तर बाईनं आधी नवऱ्याचं नाव सांगायचं. आश्रमाची बदनामी नको म्हणून! नियम नीळकंठरावांचाच.

बासष्टच्या हिवाळ्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरची सुखीबाई आली. दिवस भरलेले. नवरा राजूरला तापानं गेलेला, सासरच्यांनी हाकललेली, माहेरचा तांडा कापूस वेचायला बाहेरगावी. नीळकंठरावांनी नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं घुंगट पुढे ओढला आणि खाली पाहत राहिली. पुन्हा विचारलं. गप्प. त्यांनी फाटक लावून घेतलं. सकाळी रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली मायलेकरू दोघंही थंड पडलेली सापडली.

"आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, बाबूजी," तिचा भाऊ हरिसिंग नंतर एवढंच म्हणाला.

अरे, नीळकंठरावांची स्वतःची बायको, रजनीवहिनी, लग्न झाल्यापासून त्यांना 'अहो' म्हणत होती! त्या दिवसापासून तिनं हाक मारली की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढच्या वर्षीची पौषातली अमावास्या. आश्रमात रामीबाई बाळंत होऊन तापानं बेशुद्ध पडली होती. रडून रडून लेकराचा आवाज बसलेला. बाकीच्या साऱ्या अजून पोटुश्या, दूध कोणालाच नाही. दिवेलागण झाली तसे नीळकंठराव लोटा घेऊन सायकलवर निघाले. दुभत्या शेळ्या होत्या फक्त तांड्यावर, हरिसिंगकडे.

त्याच्या दारात त्यांनी सायकल टेकवली. लेकरू उपाशी आहे, एवढं कसंबसं सांगितलं. हरिसिंगनं शेळी पिळली आणि लोटा हातात दिला.

"पाजा त्याले, बाबूजी. कायले थांबता? जा लवकर."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नीळकंठराव मला म्हणाले होते.

परतताना ते मोहाचं झाड आलं. मागं पावलं वाजली. नीळकंठराव थांबले. पावलं थांबली. ते निघाले... पावलं निघाली. सायकलचा दिवा गेला. चाक खड्ड्यात अडकलं. लोटा पालथा. सगळं दूध मातीत.

पावलं जवळ आली.

आणि पुढे निघून गेली...

सायकल तिथंच टाकून ते धावत सुटले. आश्रम आला. आतून लेकराचं रडणं येत होतं, अगदी बारीक. फाटकाशी कोणीतरी उभं होतं. घुंगट ओढून. खाली पाहत.

नीळकंठरावांचे ओठ हलले. पण विचारवेना. कशाच्या तोंडानं विचारणार? त्यांनी कडी काढली.

"ये बाई... आत ये. चुकलो मी."

ती आत गेली. अंगण ओलांडून खोलीत.

रडणं थांबलं.

एकदम.

नीळकंठराव फाटक धरून उभे. गेलं लेकरू. मीच तिला आत सोडली... मीच.

शेवटी कसेबसे आत गेले. रामीबाई तशीच बेशुद्ध. दाई मानीबाई भिंतीला टेकून पेंगत होती. खोलीत दुसरं कोणी नाही. लेकरू हलत नव्हतं. त्यांनी कंदील खाली धरला...

लेकरू झोपलं होतं. पोट टम्म भरलेलं. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब.

नीळकंठरावांनी तो बोटानं टिपला. अजून कोमट होता.