चौथी फेरी

खोटं वाटलं तर वाटू दे. मी सिर्का, राहणार कौवोला, फिनलंड. गेल्या नोव्हेंबरात हे माझ्याच बाबतीत घडलंय.

मी घरोघरी जाऊन सर्वेक्षणाच्या मुलाखती घेते. आधी लोकांना पत्र जातं. मग आम्ही जातो. घरात कुणी भेटलं नाही तर वेगवेगळ्या वेळी चार फेऱ्या मारायच्या, त्यातली एक शनिवारी. त्याशिवाय यादीतलं नाव सोडता येत नाही.

आउने टीहोनेन, वय एक्क्याऐंशी. एकट्याच राहायच्या. चौथा मजला, लिफ्ट नाही.

तीन फेऱ्या फुकट गेल्या. तिसऱ्या वेळी दाराच्या पत्रांच्या फटीतून मी चिठ्ठी टाकली, "शनिवारी अकराला नक्की येते."

शनिवारी बाहेर असा गारठा, की अंथरुणातून निघवेना.

मी गेलेच नाही.

घरी कॉफी पीत नोंद केली... "अकरा वाजता तीनदा घंटा वाजवली. उत्तर नाही."

सगळेच करतात हो असं!

सोमवारी आमच्या साहेबीणबाईंचा, राइलीचा फोन.

"सिर्का, त्या टीहोनेन आजींनी स्वतः फोन केलाय. म्हणतात, शनिवारपासून दाराशीच आहे, घंटा वाजलीच नाही. झोपा काढत होतीस का गं? आत्ताच्या आत्ता जा!"

दुपारी एक वाजता मी तिथे होते. घंटा वाजवली.

दार उघडलं नाही. पण पत्रांच्या फटीतून... अगदी खालून... आवाज आला.

"आलीस का गं? तिथूनच विचार. मला उठवत नाही."

मला विचित्र वाटलं. पण मुलाखत हवी होती ना! तिथेच फरशीवर बसले आणि सुरुवात केली.

"गेल्या आठवड्यात किती जण भेटले?"

"कुणीच नाही. एक जण येणार होती."

"तब्येत कशी आहे?"

"शनिवारी सकाळी पडले. म्हटलं, अकराला ती येईलच. तेव्हा हाका मारायच्या म्हणून दम राखून ठेवला."

माझं पेन थांबलं.

फटीतून वास येत होता...

"कुणाशी बोलताय?" मागून इमारतीचा रखवालदार किल्ली घेऊन वर आला होता. "शेजारी वासाची तक्रार करतायत."

त्यानं दार उघडलं.

आजी दारापाशीच पडल्या होत्या. मुठीत माझी चिठ्ठी. डॉक्टर म्हणाले, शनिवारी गेल्या असतील नाहीतर रविवारी, नक्की सांगता येत नाही. पण सोमवार नक्कीच नाही.

त्यांची मुलगी ओउलूहून आली. ऑफिसात माझी नोंद वाचून माझे हात धरून रडली.

"तुम्ही तीनदा घंटा वाजवलीत, तरी आई ओरडली नाही. म्हणजे त्याआधीच गेली असणार. ताटकळली नाही हो ती."

मी मान हलवली. खरं आजतागायत सांगितलेलं नाही. माझी मलाच लाज वाटते.

तेव्हापासून मला कुणी नकार देत नाही.

पहिल्याच घंटेला दार उघडतं. ज्यांनी इतरांना हाकलून लावलं, तेही मला या, बसा करतात. राइली म्हणते, "काय जादू केलीस गं?"



लोक मला आत घेतात. मग माझ्या मागे जिन्याकडे बघतात...

"अहो, आजींना बाहेर थंडीत का उभं केलंत? त्यांनाही आत घ्या."

मी वळून बघत नाही. "हो" म्हणते, आणि थोडा वेळ दार उघडं धरून ठेवते.