रेडामन्सीचा अर्थ

विहाराच्या अभ्यासिकेतली माझी खिडकीजवळची खुर्ची त्या दिवशी एका अनोळखी पोरानं बळकावली होती. डिसेंबरचं ऊन नेमकं तिथंच पडायचं.

"ही माही जागा आहे," मी म्हटलं.

"उठतो. थोडं ऊन खाऊ द्या... याले इंग्रजीत ॲप्रिसिटी म्हनत. थंडीतल्या उन्हाची ऊब. आता कोनी वापरत नाही हा शब्द."

"मंग परीक्षेत कोन विचारनार तुमचा मेलेला शब्द?"

तो हसला आणि उठला. सुलतानपूरचा प्रसेनजित. हसला की गालाला खळी पडायची. मला तेव्हा त्याचं काही नव्हतं, आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे एक रिवाज होता. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की एकानं फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचा, आणि तो ज्याला विचारेल त्यानं सगळ्यांसमोर अर्थ सांगायचा. नाही आला तर चहा करायचा. प्रसेनजित आपल्या फाटक्या डिक्शनरीतून जुनेपुराणे शब्द काढायचा आणि विचारायचा मलाच. ग्लोमिंग म्हणजे सांजवेळ. ओव्हरमॉरो म्हणजे परवाचा दिवस.

"मलेच काऊन विचारतं?"

"तू चिडली की छान दिसतं, करिष्मा."

"मंग आज चहा बिनसाखरेचा पी."

प्यायला की हो, मिटक्या मारत!

मग एकदा त्यानं लिहिलं— रेडामन्सी. खडू हातात तसाच, कान लाल, नजर माझ्यावर.

अर्थ मला येत होता. घरी मोबाईलवर मीही असले शब्द धुंडाळायला लागले होते ना... आपल्याला जीव लावणाऱ्याला आपणही तितकाच जीव लावणं. पण अभ्यासिकेतला गोकुळ, माझी मैत्रीण वंदना, सगळे टपून बसलेले. मी गुपचूप उठले आणि चहा ठेवला.

तो चहा त्यानं घेतला नाही. त्यानंतर फळ्याकडे फिरकलाही नाही. मग वंदनानं सांगितलं, त्याला नाशकात नोकरी लागली, सोमवारी हजर व्हायचंय. इकडे देऊळघाटला आमच्या बाबांनी मला बघायला रविवारी खामगावचे पाहुणे बोलावले.

शनिवारी मी त्याला विहाराच्या फाटकातच अडवलं. "मले अर्थ येत होता."

"मंग चहा काऊन केला?"

"एवढ्या लोकायसमोर काय सांगू? लाज नाही वाटत का मानसाले?"

"मले वाटलं... तू नाही म्हनून राह्यली."

"नाही म्हनाचं असतं तं तोंडावर म्हटलं असतं. उद्या पाहुने येऊन राह्यले मले पाहाले."

त्यानं गाडीची किल्ली काढली. "तुहे बाबा आता कुठी असतीन?"

"वावरात."

"मंग वावरात चाल."

बाबा हरभऱ्याला पाणी देत होते. "हा कोन?"

प्रसेनजितनं तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना... एवढा डिक्शनरीवाला! शेवटी मीच बोलले. "बाबा, मले हा आवडते. उद्याच्या पाहुन्यायले नाही म्हना."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "अन् तुले?"

"मले बी... लय."

बाबांनी चिखलाचे हात धुतले, खिशातून फोन काढला.

"पाहुन्यायले येऊ नका म्हनतो. उद्या तू तुह्या मायबापाले घेऊन ये," ते म्हणाले. "पोहे तं करनारच होतो."